बुवांची कौलं

“…म्हणजे अकरा वर्षं झेल घेतले, बुवा, आणि शेवटी हे? गावच्या शाळेतल्या पोरींना चेंडू पकडायला शिकवू? मी?”

हर्षद धुरी मठाच्या अंगणात तावातावाने बोलत होता. माणूस काही ऐरागैरा नव्हे. परदेशात जाऊन बेसबॉल खेळलेला, तोही चक्क पगारी! मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं आणि आभाळातून येणारा चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. दोन हजार एकशे सहा झेल. आकडा तोंडपाठ होता, आणि तो न विचारता सांगायची सवयही होती.

खेळ सोडून दोन वर्षं झाली होती. शेवटच्या झेलाचा चेंडू अजून खिशातच असायचा. घरात बसून बसून जीव नुसता उबगला होता त्याचा. एवढं खेळलो ते कशासाठी, हे उमगत नव्हतं, आणि शाळेने बोलावलं तरी तिची पायरी चढायची लाज वाटत होती.

धोंडबुवा सत्तरीचे. शिमगा आटोपल्यावर त्यांनी मठाची कौलं परतायला काढली होती. धोतर खोचून ते स्वतः खालून कौलं वर उडवत होते.

“बुवा, मी काहीतरी विचारलं…”

“परांचीवर चढ,” बुवा म्हणाले. “मधला गडी जेवायला गेलाय.”

हर्षद चढला. खालून कौल आलं. त्याने ते एका हाताने अलगद टिपलं, आणि सवयीने उंच धरून दाखवलं.

“व्वा!” वर छपराच्या रिपांवर बसलेला सुतार म्हणाला.

तेवढ्यात दुसरं आलं, हर्षदच्या कोपराला लागून खाली गेलं. अंगणात खापऱ्या झाल्या.

“अहो बुवा, जरा थांबायचं तरी!”

“पहिलं कुठंय?”

“हातात.”

“हं…”

हर्षदचे कान तापले. हातातलं कौल त्याने मुकाट्याने सुताराकडे दिलं. तिसरं आलं. झेललं, वर दिलं. चौथं… पाचवं… मग काय विचारता! अंग आपोआप वळू लागलं. जेवून आलेल्या गड्याला त्याने चढूच दिलं नाही.

“येऊ द्या बुवा, येऊ द्या!” तो वरून ओरडत होता. कितीतरी दिवसांनी त्याला मनापासून आनंद झाला होता.

चारच्या सुमारास शेवटचं कौल बसलं. सुताराने आरोळी ठोकली. हर्षद खाली उतरला तो लाल धुळीने माखलेला, आणि हसू काही आवरत नव्हतं.

“किती झेललीस रे?”

हर्षद सवयीने आकडा सांगायला गेला, पण मोजायचंच राहून गेलं होतं.

“तुझ्यापाशी किती राहिली?”

“एकही नाही, बुवा.”

दोघंही मान वर करून छपराकडे बघत राहिले. ऊन पडलं होतं आणि सगळी कौलं जागच्या जागी होती.

हर्षदचा हात खिशाकडे गेला. त्याने चेंडू बाहेर काढला.

“हा एक राहिलाय,” तो म्हणाला.

बुवा रांजणातलं पाणी घेत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“मग इथं काय करतोस? शाळा पाचला सुटते.”