मोरीवरचं केळीचं पान

फार फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात टापटिपीची एक घरधनीण राहत होती. तिच्या ओसरीवर चढताना पाहुणे आधी आपले तळवे बघत. मुलांनो, स्वच्छता चांगलीच. पण हिला तिचा भारी तोरा होता.

तिच्या सुनेला मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला म्हातारी सुईण येऊ लागली. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती, घरधनिणीची लेकरंसुद्धा. न्हाणीत रोज तेल, हळद आणि डाळीचं पीठ यांचा वास दरवळू लागला.

महिना उलटला आणि न्हाणीच्या भिंतीवर चिलटं दिसू लागली. तिळाएवढी, करडी, केसाळ पंखांची. कितीही मारली तरी दुसऱ्या दिवशी तितकीच हजर. धुरी झाली, कडुलिंबाचा पाला झाला, उपयोग शून्य.

घरधनिणीच्या मनानं घेतलं, की दहा घरी फिरणारी ही सुईणच लुगड्यातून पीडा आणते. तिनं तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

सुईण शांतपणे म्हणाली, "पोरी, ही चिलटं इथंच जन्मतात. केळीच्या पानाला तेल लाव आणि ती बाजू खाली करून मोरीचं तोंड झाक. उद्या पान उलटून बघ. चिकटलेली दिसली, तर त्यांचं घर मोरीत आहे."

"माझ्या मोरीत घाण नाही, मावशी. उद्यापासून येऊ नका."

ही गोष्ट पाणवठ्यावर गेली आणि तिथून घरोघर पोचली. सुईणीला कुणी बोलावेनासं झालं.

ती गेली, चिलटं मात्र वाढली. बाळाच्या डोळ्यांवर बसू लागली, तेव्हा घरधनिणीचा जीव कासावीस झाला. कुणाला न सांगता तिनं पानाला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी उलटून पाहिलं, तर पान चिलटांनी भरलेलं. मोरीवरचा दगड उचलला; खाली तेलापिठाचा बोटभर चिकट थर साचला होता. तिनं तो काथ्यानं खरवडला, राखेनं घासला, उकळतं पाणी ओतलं. आठ-पंधरा दिवसांत एकही चिलट उरलं नाही.

मग पाणवठ्यावर सगळ्यांसमोर चूक कबूल करून ती सुईणीच्या झोपडीत गेली. पायांवर डोकं ठेवून बाळासाठी परत चला म्हणून विनवू लागली.

म्हातारीनं आपले हात पुढे केले. ते थरथरत होते.

"ओलं बाळ निसरडं असतं, पोरी. ते धरायला आपल्या हातांवर भरवसा लागतो. इतके दिवस कुणी मूल दिलं नाही, आता माझाच भरवसा गेला."

ती आली नाही. पुढच्या थंडीत ती वारली, आणि तोवर गावातलं एकही मूल तिनं हातात घेतलं नाही. घरधनीण नातवाला स्वतःच न्हाऊ घालायची आणि घालताना रडायची.

तात्पर्य : दुसऱ्यावर आळ घेण्याआधी आपली मोरी उघडून पाहावी, कारण मोरी पुन्हा स्वच्छ होते, मोडलेलं माणूस पुन्हा उभं राहत नाही.