दगड झालेला खजिना

एका राज्यात वसुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्याची राणी मृणावती त्याच्या चालढकलीपुढे हात टेकून बसली होती. खजिना तुडुंब, पण कालवा खणायचा म्हटले की राजा म्हणे, "उद्या." धर्मशाळेचे छप्पर गळते म्हटले तरी, "उद्या."

एकदा एका मांत्रिकाने दारी भाकरी मागितली. राजा त्यालाही "उद्या" म्हणाला. मांत्रिक खवळला. "तुझ्या सोन्याचे दगड होवोत!"

दगड झाले.

त्याच वर्षी पाऊस रुसला. प्रजा उपाशी, खजिन्यात धोंडे. राणीने राजाला हाताला धरून रानात नेले. तिथे वडाच्या ढोलीत बोलका धनेश पक्षी राहत असे.

"तीन कामे करा, शाप उतरेल," धनेश म्हणाला. त्याने चोच आपटली. धान्याची तीन पोती उभी राहिली. "पहिले आज भुकेल्यांना वाट."

बातमी कळताच गावकरी रानात जमले. राजा चिमूटचिमूट वाटू लागला.

"स्वामी, त्यांना जेवायचे आहे, चव नाही पाहायची!" म्हणत राणीने पोते उपडे केले. जयजयकार झाला.

"दुसरे पुढल्या पेरणीला राखून ठेव," धनेश म्हणाला.

जयजयकाराला भुललेला राजा तेही वाटू लागला. राणीने कपाळावर हात मारला. "बियाणेही वाटलेत, तर शेतात काय पेरायचे? तुमचा जयजयकार?" ती पोत्यावरच बसली.

"तिसरे तुझे. मनाला हवे त्यासाठी खर्च कर," धनेश राजाला म्हणाला.

राजा पोत्याची गाठ सोडी, पुन्हा बांधी. ऊन कलले, तरी तेच.

"अहो, बोला की!"

"आठवत नाही, राणी. मला काय हवे होते, तेच आठवत नाही."

राणीचा राग ओसरला. ती त्याच्याजवळ मातीत बसली. राजा पुटपुटला, "बासरी. लहानपणी शिकायची होती. बाबा म्हणाले, आधी राज्य सांभाळ."

"मग उठा!"

राजाने ते पोते बुरुडाला दिले आणि बासरी घेतली. पहिली फुंकर घातली, तोच खजिन्यातल्या धोंड्यांचे पुन्हा सोने झाले.

त्या सोन्यातून कालवा झाला, कोठारे भरली, धर्मशाळा शाकारली. पुढचा दुष्काळ आला, तेव्हा कोणाची चूल विझली नाही. राजा मात्र रोज सायंकाळी बासरी वाजवी, आणि फार वाईट वाजवी. राणी कानांत कापूस घाली. पण शेजारून कधी उठली नाही.