नदीची हद्द

एका राज्यात कासवती नावाची नदी होती आणि धरणीधर नावाचा राजा होता. नदीकाठी वाळुंज, उंबर, करंज आणि जांभूळ अशी दाट राई होती. राईच्या मुळांखाली डोहनाथ मांत्रिकाने सोन्याचे हंडे पुरून ठेवले होते. राजाला ते कळले. त्याने दवंडी पिटवली, "काठची झाडे तोडा. सोने आमचे, मोकळी झालेली जमीन तुमची."

लोकांनी झाडे तोडली. राजाने हंडे काढले. शेतकऱ्यांनी अगदी पाण्याला टेकेपर्यंत नांगर फिरवला आणि वांगी लावली.

मग नदीचा काठ ढासळू लागला. काठाची दरड कोसळली की राजाच्या अंगाचा तेवढा भाग चिखल होऊन गळून पडे. आधी बोटे गेली, मग घोटे, मग गुडघे. वैद्य हात जोडून परत गेले.

राजाची मुलगी मंदाक्षी नदीवर जाऊन उभी राहिली. तिथे एक खंड्या पक्षी बसला होता.

"पक्षीराज, माझे बाबा विरघळत आहेत. उपाय सांगा."

"पक्षीराज म्हणू नकोस," खंड्या म्हणाला. "काठातल्या बिळात माझे घर होते. ते तुझ्या बाबांनी पाण्यात घातले. तरी चल, मांत्रिकाची गुहा दाखवतो. नदी वाचली तर मासे मलाही मिळतील."

डोहनाथ मांत्रिक नदीच्या उगमापाशी गुहेतल्या पाण्यावर मांडी घालून बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, तीन कामे कर. सोने नदीला परत दे. उगमाच्या वनातून झाडे आण. आणि नदीची हद्द आख. पण हद्द अशी हवी की राखायला एकही शिपाई उभा करावा लागू नये."

"पहिली दोन कठीण दिसतात," मंदाक्षी म्हणाली.

"तुला तसे वाटणारच," मांत्रिक म्हणाला.

मंदाक्षीने सारे हंडे डोहात ओतले. नदीने ते गिळले, बुडबुडाही आला नाही. मग ती उगमाच्या वनात गेली. लोखंड जवळ असलेल्या माणसाला ती झाडे फांदी देत नसत, पाठ फिरवून उभी राहत. तिने कोयता टाकला, बांगडीचा लोखंडी खिळाही काढला आणि हातांनी काड्या मोडल्या. तळहात सोलले. खंड्याने चोचीतून बिया आणल्या. त्या वनातली काडी सकाळी रोवली की सांजेला मुळे धरी.

तिसरे काम तिला सगळ्यांत सोपे वाटले. तिने राजमोजणीदार बोलावले, काठाने दोरी ताणली आणि दवंडी पिटवली, "दोरीच्या आत नांगर घालील त्याला शिक्षा." दोरीच्या आत तिने काड्या रोवल्या आणि राजवाड्यात परतली.

चार दिवसांनी खंड्या खिडकीत आला. "राजकन्ये, तुझी दोरी फार कामाची निघाली. लोकांनी तिच्यावर धोतरे वाळत घातली आहेत."

"आणि झाडे?"

"झाडे नांगरली. वांगी जोरात आहेत."

तेवढ्यात काठ कोसळल्याचा आवाज आला. राजा कमरेपर्यंत चिखल झाला. "पोरी," तो म्हणाला, "आता घाई कर."

मंदाक्षीने शिपाई घेतले नाहीत. ती एकटीच चावडीवर गेली. तिथे राणोजी पाटील आणि गावकरी बसले होते.

"बाईसाहेब," पाटील म्हणाले, "झाडे तोडा ही दवंडी तुमचीच आणि राखा ही दवंडीही तुमचीच. आम्ही कोणती ऐकायची?"

"दोन्ही विसरा, पाटील. काठ पडतोय हे तुम्हीही पाहता. हद्द कुठे असावी, ते तुम्ही सांगा."

धुरपदा नावाची एक शेतकरीण उठली. "माझे वांग्याचे वावर पाण्यालगत आहे. हद्द आली की ते गेले. मी खाऊ काय?"

"राजाच्या घोड्यांचे कुरण आहे. ज्याची जितकी जमीन जाईल, तितकी त्याने तिथे घ्यावी."

"आणि राईतली जांभळे? मध?"

"ज्यांची जमीन गेली, त्यांची."

धुरपदा खाली बसली. मग एक म्हातारा म्हणाला, "आमच्या आज्याच्या वेळी दोरी नव्हती. तहानलेला बैल नदीकडे सोडायचे. पाण्याचा वास लागून तो जिथे मान वर करील, तिथे दगड रोवायचा. दगडापासून पाण्यापर्यंत नांगर नाही, कुऱ्हाड नाही, घर नाही. गुरांना पाण्यावर न्यायला एकच वाट. बैल कुणाचा चुलता नसतो, म्हणून भांडण होत नसे."

सगळ्यांना ते पटले. धुरपदाचाच बैल सोडला. वावरामागून वावर तो मान वर करत गेला आणि दगड रोवले गेले. धुरपदाची सारी वांगी हद्दीत आली. ती पुढे पाहत राहिली, कारण पुढे राजाची बाग होती.

बैल बागेत शिरला. राजाच्या लाडक्या जलमहालाच्या अलीकडेच त्याने मान वर केली. महाल सबंध नदीच्या बाजूला पडला. राणोजी पाटील हळूच म्हणाले, "बैल दमला असेल. थोडा पुढे हाकावा का?"

"नको, पाटील," मंदाक्षी म्हणाली. "दगड इथेच रोवा."

तिने पदर खोचला आणि महालाची पहिली वीट स्वतः काढली. ते पाहून धुरपदा आपल्या वावराकडे वळली आणि वांग्याची झाडे उपटू लागली. मग कुणीच मागे राहिले नाही.

मंदाक्षी पुन्हा वनात गेली. या वेळी सारे गाव लोखंड घरी ठेवून तिच्याबरोबर आले. सकाळी काड्या रोवल्या, सांजेला मुळांनी माती धरली. पुढे मोठा पूर आला. काठाचे एक ढेकूळही हलले नाही. पाणी ओसरले तेव्हा राजा अंथरुणात उठून बसला. त्याला कंबर होती, गुडघे होते, बोटे होती. खंड्याने काठात नवे बीळ कोरले आणि गाळ फार मऊ आहे अशी तक्रार केली.

राजा घोड्यावर बसून नदी पाहायला निघाला. हद्दीच्या दगडापाशी धुरपदा जांभळे वेचत होती. राजाने लगाम ओढला.

"धुरपदाबाई, आत येऊ का?"

"या की महाराज. पण घोडा बाहेर बांधा. कोवळी पालवी दिसली की त्याला राहवत नाही."

राजाने घोडा बाहेर बांधला आणि तो पायी आत गेला. ऐकणाऱ्यांच्या गावची नदीही अशीच आपल्या काठात राहो.