कोरडा गज

एका संस्थानात भार्गवराव नावाचे एक थोर व्हायोलिनवादक राहत असत. तरुणपणी त्यांनी हे वाद्य हाती घेतलं, तेव्हा सगळे हसले होते. साहेबाचं वाद्य, त्यावर आपले राग कसले वाजायचे, असं जो तो म्हणे. भार्गवरावांनी कुणाशी वाद घातला नाही. आधी त्यांनी गवयांची साथ केली, मग स्वतःच्या मैफली गाजवल्या आणि शेवटी दरबारी वादकाचं मानाचं पद मिळवलं. त्यांचा मारवा ऐकून भांडखोर माणसंसुद्धा मुकाट्याने घरी जात.

पण म्हातारपण कुणाला चुकलंय? त्यांच्या डाव्या हाताची बोटं थरथरू लागली. सूर जागेवर ठरेना. अनसूया ही त्यांची शिष्या लहानपणापासून त्यांच्याजवळ शिकलेली, आता तिशी ओलांडलेली, हाताने फार तयार. भार्गवरावांनी तिला मैफलीत मागे साथीला बसवलं आणि स्वतःच्या गजाला राळ लावणं सोडून दिलं. राळ नसली की गज तारेवरून नुसता घसरतो, सूर उमटत नाही. पुढे बसून ते कोरडा गज फिरवीत, मागून अनसूया वाजवी. दोन्ही गज एकदमच हलत, त्यामुळे कुणाला काही कळत नसे. टाळ्या भार्गवरावांना पडत. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी ते मनाची समजूत घालीत. अनसूयाने गुरूचा शब्द मोडला नाही, पण तिचं वादन तिच्या नावाने कुणी ऐकलंच नाही.

अशी काही वर्षं गेली. देवीचा उत्सव आला. त्या दिवशी भार्गवरावांना राहवलं नाही. वाजवणाऱ्याने न वाजवता किती काळ बसायचं? त्यांनी कुणाला न सांगता गजाला राळ लावली. एकच सूर आपला लावायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. अनसूया वरच्या षड्जावर पोचली आणि त्यांनीही तारेवर बोट ठेवलं. बोट थरथरलं. सूर असा बेसूर निघाला, की पुढे बसलेल्यांनी तोंडं वाकडी केली. भार्गवरावांनी घाईने गज उचलला.

मैफल संपल्यावर लोकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढा मोठा कलावंत आणि मागे ही बेसूर बाई कशाला बसवतो, असं ते उघड बोलू लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच. भार्गवरावांनी सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. अनसूयाने आपलं वाद्य पेटीत ठेवलं आणि ती एवढंच म्हणाली, "चला गुरुजी, दमला असाल."

पुढे म्हाताऱ्या भार्गवरावांच्या जागी दरबारात नवा वादक नेमायची वेळ आली. अनसूयाने आयुष्यभर त्या एका जागेची आस धरली होती. दिवाणजींनी तिच्या नावाला विरोध केला. भर उत्सवात जिचा सूर गेला, तिला हे पद कसं द्यायचं? महाराजांनी भार्गवरावांना विचारलं.

खरं सांगावं, तर जन्मभराचं नाव मातीत जाणार. गप्प राहावं, तर कुणाला कधीच कळणार नाही. अनसूया काही बोलणारी नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत उभी होती. आपले गुरुजी आपल्यासाठी बोलतील, अशी आशाही तिने ठेवली नव्हती. ते पाहून भार्गवराव पुढे झाले.

"महाराज," ते म्हणाले, "तो सूर हिचा नव्हता, माझा होता."

दरबारात वाहवा झाली. शिष्येचा दोष स्वतःवर घेणारा असा गुरू होणे नाही, असं सगळे म्हणू लागले. महाराजांनी स्वतः हात जोडले. भार्गवरावांना उभ्या जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. खरं बोलूनही त्यांचा मानच वाढला होता, आणि अनसूया तिथेच राहिली होती.

मग ते आपलं वाद्य घेऊन खाली बसले. त्यांनी भर दरबारात गजाला राळ लावली आणि उत्सवातलीच बंदिश वाजवायला सुरुवात केली. बोटं कापत होती. सूर घसरत होते. कुणी खोकलं, कुणी नजर वळवली. भार्गवराव थांबले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही त्यांनी ती बंदिश तशीच, बेसूर, शेवटपर्यंत वाजवली.

"आता पटलं?" त्यांनी विचारलं. "गेली काही वर्षं मी कोरडा गज फिरवत होतो. टाळ्या हिच्या होत्या, महाराज. चुकला तो सूर तेवढा माझा."

मग महाराजांनी अनसूयाला पुढे बसून वाजवायला सांगितलं. भार्गवराव उठून श्रोत्यांत जाऊन बसले. आपल्या शिष्येचं वादन त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं.

तात्पर्य: हात थकले तर त्यात लाज नाही, दुसऱ्याचं यश आपलं म्हणून मिरवावं आणि आपली चूक त्याच्या माथी जाऊ द्यावी, यात लाज आहे. अशा वेळी नुसतं खरं बोलून भागत नाही, समोरच्याला पटेपर्यंत ते सिद्ध करावं लागतं.