न ओळखलेली गाठ

एकदा एक तरुण संशोधिका मोठ्या पेचात सापडली. शर्वाणी तिचे नाव. हाडामांसात क्वचितच उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या गाठींचा, म्हणजे सार्कोमाचा, अभ्यास ती वृद्ध प्राध्यापक खांबेटे यांच्या हाताखाली करीत होती. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराच्या मांडीतून काढलेली गाठ ती दहा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती आणि ती कोणत्याच ज्ञात प्रकारात बसत नव्हती. त्याची पत्नी रोज प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन विचारी, "बाई, कळलं का काही?" शर्वाणीला अन्न गोड लागेना.

अकराव्या दिवशी तिला राहवेना. त्यातल्या त्यात जवळचे एक नाव अहवालात लिहून तिने तो सरांपुढे सहीसाठी ठेवला. त्या नावाचे जहाल औषधोपचार ठरलेले होते. निदान काहीतरी सुरू झाले असते.

सरांनी गाठीचा काप असलेली काच बराच वेळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग नाव खोडून 'मला ओळखता आली नाही' असे लिहिले, सही केली आणि बाहेर जाऊन त्या कामगाराच्या पत्नीलाही तेच सांगितले. बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"सर, चाळीस वर्षांचा अनुभव तुमचा!" शर्वाणी उसळून म्हणाली. "त्यांना काय वाटलं असेल?"

सरांनी एक कपाट उघडले. आत मेणाच्या वड्यांत जपलेल्या तेवीस जुन्या गाठी होत्या. प्रत्येकीच्या कागदावर तेच वाक्य, तीच सही.

तीन दिवस शर्वाणी त्या तपासत बसली. दोन गाठी हुबेहूब जुळल्या. त्या दोन्ही रुग्णांवर फक्त शस्त्रक्रिया झाली होती. एक नऊ वर्षे, दुसरा चौदा वर्षे तपासणीला येत राहिला, आणि आजार उलटला नव्हता.

"तुला सुचलं तेच नाव तेव्हा मलाही सुचलं होतं," सर म्हणाले. "लिहिलं असतं, तर या दोन गाठी हजारोंत मिसळून गेल्या असत्या. अगं, 'कळत नाही' असं लिहिताना लाज वाटते. पण तेवढं लिहून ठेवलं की पुढच्याला शोधता येतं. खोटं उत्तर दिलं की कुणी शोधतच नाही."

"आणि त्या बाईंचं रडणं?"

"ते मलाही स्वस्थ बसू देत नाही. म्हणून तर या वड्या जपल्या."

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जहाल औषधे तूर्त न देण्याचे ठरवले. शर्वाणी स्वतः त्या बाईंकडे गेली. "गाठीला अजून नाव नाही. पुढचं नक्की सांगता येत नाही, दर तीन महिन्यांनी तपासावं लागेल. पण अशीच गाठ आणखी दोघांना होती, आणि ते वर्षानुवर्षं बरे राहिले."

बाई म्हणाल्या, "म्हणजे आमचा माणूस यात एकटा नाही म्हणायचा."

शर्वाणीने होकारार्थी मान हलवली. तिची तगमग शमली नव्हती. मात्र 'कळत नाही' म्हणायची आता तिला लाज वाटत नव्हती.