ठिपकूची आई स्टेजवर

एक होती हौसाबाई. तिची मुलगी तानी. एवढीशी!
त्यांच्या घरी गाय नाही, शेळी नाही. तानीला दूध नाही.
दूरच्या मोठ्या माणसांनी शेळी दान दिली. शेळीबरोबर आलं तिचं करडू, ठिपकू.

शेळी द्यायचा कार्यक्रम ठरला. मांडव सजला. शेळीच्या गळ्यात हार घातला. हार मोठा, शेळी छोटी. कार्यक्रमवाल्या ताईने तिला स्टेजवर बांधलं.
ठिपकू राहिला खाली. पोटात भूक! बेंऽ बेंऽ!

दुडूदुडू दुडूदुडू, ठिपकू ताईकडे गेला.
"ताई ताई, आईला सोड ना!
मला काही दूध मिळेना."
ताई म्हणाली, "छे रे! साहेब फीत कापतील, तेव्हा सोडीन."

दुडूदुडू दुडूदुडू, ठिपकू साहेबांकडे गेला.
"साहेब साहेब, फीत कापा ना!
ताई आईला सोडेना,
मला काही दूध मिळेना."
साहेब मिशी विंचरत म्हणाले, "छे रे! फोटो निघेल, तेव्हा कापीन."

दुडूदुडू दुडूदुडू, ठिपकू फोटोवाल्याकडे गेला.
"दादा दादा, फोटो काढ ना!
साहेब फीत कापेनात,
ताई आईला सोडेना,
मला काही दूध मिळेना."
फोटोवाला म्हणाला, "छे रे! दूरच्या मोठ्या माणसांना हसरा फोटो हवा. हौसाबाई हसेल, तेव्हा काढीन."

दुडूदुडू दुडूदुडू, ठिपकू हौसाबाईकडे गेला.
"मावशी मावशी, हस ना!
दादा फोटो काढेना,
साहेब फीत कापेनात,
ताई आईला सोडेना,
मला काही दूध मिळेना."
हौसाबाई म्हणाली, "कशी हसू रे? सकाळपासून उन्हात बसवलंय. पोर रडतंय. तानी हसेल, तेव्हा हसेन."

दुडूदुडू दुडूदुडू, ठिपकू तानीकडे गेला.
"तानी तानी, हस ना!
मावशी काही हसेना,
दादा फोटो काढेना,
साहेब फीत कापेनात,
ताई आईला सोडेना,
मला काही दूध मिळेना."
तानी म्हणाली, "भूऽऽक! दूध दे, मग हसते."

आता काय करायचं? ठिपकू मटकन खाली बसला.
समोर तानीचा पाय. पायाला अंगठा. गोल गोल, मऊ मऊ.
ठिपकूला वाटलं, आईच आली!
लुचूलुचू लुचूलुचू!
"ही ही ही! गुदगुल्या!"

तानी हसली.
तानी हसली, हौसाबाई हसली.
हौसाबाई हसली, फोटो निघाला. खटॅक!
फोटो निघाला, साहेबांनी फीत कापली. कच्च!
फीत कापली, ताईने शेळी सोडली.
शेळीने मारली उडी. धप्प!
ठिपकू आईला बिलगला. लुचूलुचू लुचूलुचू!
हौसाबाईने वाटीत धार काढली. चुर्र चुर्र!
तानी दूध प्यायली. गट गट गट!

"थांबा, थांबा!" साहेब ओरडले. "माझं भाषण राहिलं!"
पण हौसाबाई निघाली. तानी निघाली. शेळी निघाली, ठिपकू निघाला.
साहेबांनी भाषण केलं. लांबच लांब!
कोणी ऐकलं?
खुर्च्यांनी.

ठिपकूचं पोट भरलं, तानीचं पोट भरलं, आपल्या गोष्टीचंही पोट भरलं!