पाखरांचा पाळणा

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक सुतार होता, आणि त्याच्या हातच्या पाळण्यात झोपलं नाही असं एकही मूल त्या गावात नव्हतं. पाळणा तयार झाला की तो आतल्या फळीवरून स्वतःचा गाल फिरवून बघायचा. लाकडाचं बारीक कुसळ राहिलं असेल, तर बाळाच्या आधी आपल्याला टोचू दे, असा त्याचा नेम होता. आणि हे चार माणसांसमोर करायचं, हाही त्याचा नेमच होता!

एकदा वावटळीत देवळाजवळचा जुना आंबा उन्मळून पडला. त्याच्या ढोलीत दयाळ पक्ष्यांची जोडी राहायची. नराची शीळ ऐकतच गाव जागं व्हायचं. ढोली गेली आणि बिचारी कौलांवरून सैरभैर फिरू लागली.

पाटील सुताराला म्हणाले, "एवढे पाळणे केलेस, आता या पाखरांना एक घर करून दे."

सुतार हरखला. त्याने सागवानी पेटी केली, वर कळस बसवला, दर्शनी फळीत वरच्या बाजूला गोल दार ठेवून भोवती वेलबुट्टी कोरली. दयाळाला वेलबुट्टीचं काय कौतुक असणार? पण बघायला दयाळ थोडेच येणार होते! आतून रंधा मारून, वर लाख चढवून त्याने फळ्या अशा गुळगुळीत केल्या की माशी बसली तर घसरावी. शेवटी सगळ्यांसमोर गाल फिरवला. कुसळ नव्हतं. पेटी देवळासमोरच्या खांबावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लागली.

दुसरी जागाच नव्हती म्हणून जोडी तिथे आली. पिल्लं झाली, त्यांना पंख फुटले. मग एका सकाळी नर-मादी चोचीत अळी धरून समोरच्या भिंतीवर बसली आणि ओरडू लागली. आत काही जाईनात.

"सुतारमामा, तुमच्या पेटीपुढे कशी गातात बघा!" लोक म्हणाले.

सुताराची बायको मात्र म्हणाली, "अहो, ती गात नाहीत. पिल्लांना बाहेर बोलावतायत. पिल्लं का येत नाहीत, जरा बघा ना."

त्याने शिडी लावून पेटीला कान लावला. आत नखांची खरखर झाली आणि धप्प करून काहीतरी पडलं. पुन्हा खरखर, पुन्हा धप्प.

तो उतरला आणि पडलेल्या आंब्याकडे गेला. ढोलीत हात घातला, तर आतून सगळी खडबडीत, जागोजागी नखं रुतवायला खाचा. तेव्हा त्याला उमगलं. बाळाला पाळण्यातून आई उचलून घेते. पाखराला आपलं आपणच चढून बाहेर यावं लागतं.

पेटी उघडायची तर वेलबुट्टीची फळी उचकटावी लागणार होती. आणि त्याच दिवशी शेजारच्या गावचे पंच ती पेटी बघायला यायचे होते. कसब आवडलं तर त्यांच्या देवळातल्या रामजन्माच्या पाळण्याचं काम सुताराला मिळणार होतं.

"ते येऊन जाऊ देत, मग काढतो," तो म्हणाला.

"आणि तोवर पिल्लं?"

"एवढ्यात काही होत नाही गं."

पंच आले ते उशिरा. पाटलांकडे जेवले, मग सावकाश पेटीखाली जमले. एकेका पाकळीचं कौतुक झालं. सुतार हात जोडून हसत होता, पण कान वर होते. खरखर ऐकू यायला लागली की तो मोठमोठ्याने बोलायचा, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

पंचांनी त्याच्या हातात नारळ ठेवला. "पाळणा तुम्हीच करायचा!"

तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, की खरखर थांबलीय.

नारळ खाली ठेवून तो शिडीवर धावला आणि सगळ्यांदेखत त्याने फळी उचकटली. एक पिल्लू कोपऱ्यात निपचित पडलं होतं. बाकीची चोच वासून धापा टाकत होती. ती त्याने बायकोच्या पदरात दिली. फळीच्या आतल्या अंगाला पटाशीने खाचा पाडल्या, पिल्लांना आत ठेवून फळी पुन्हा ठोकली. दिवस मावळायच्या आत पहिलं पिल्लू खाचांवर नखं रोवत दाराशी आलं आणि आईकडे झेपावलं.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका," पंच म्हणाले. "तुम्हाला तरी काय ठाऊक?"

सुताराला मान वर करवेना. "ठाऊक होतं," तो म्हणाला. "सकाळीच कळलं होतं. तुम्ही येऊन जाल म्हणून थांबलो." त्याने नारळ उचलून त्यांच्या हातात परत दिला.

पुढच्या वर्षी पेटी त्याच्या परसात लागली, कळस काढून, आतून खडबडीत. दयाळ तिथे येऊन राहिले. पहाटे शीळ घुमली की गाव म्हणायचं, "काय गोड गातो!" आणि सुतार खाली बघत रंधा मारत राहायचा.

तात्पर्य एवढंच: नकळत झालेली चूक पोटात घालता येते; पण कळल्यावरही आब राखायला ती झाकली, तर भोग दुसऱ्याच्या वाट्याला येतो आणि लाज जन्मभर आपल्या.